टाचणी, वेल्क्रो आणि नियम

युरोप-अमेरिकेत हिजाबवर वाद पेटला की बोलणं लगेच धर्म, स्वातंत्र्य, राष्ट्र असल्या मोठ्या शब्दांवर जातं. ते कापड डोक्यावर बसतं कसं, निसटतं कुठे, ते घेऊन एखादी बाई ऑपरेशन थिएटरात, फुटबॉलच्या मैदानावर किंवा विमानतळाच्या तपासणीत उभी राहते तेव्हा नेमकं काय होतं, हे बघायला फारसं कुणी थांबत नाही. माझं म्हणणं असं आहे की हिजाबचे म्हणून जे प्रश्न सांगितले जातात, त्यातले बरेचसे कापडाचे आहेत, आणि कापडाचे प्रश्न सुटतात. ते सुटल्यावरही बंदी जागची हलत नसेल, तर सुरक्षितता किंवा स्वच्छता हे तिचं खरं कारण नव्हतंच.

म्हणून आधी कापड बघू. रोजच्या वापरातला आयताकृती स्कार्फ साधारण १८० सेंटिमीटर लांब आणि ७० ते ७५ सेंटिमीटर रुंद असतो. चौकोनी असेल तर ११० ते १४० सेंटिमीटरचा, तिरकी घडी घालून त्रिकोण करायचा. त्याच्या खाली केस धरून ठेवणारी टोपी. ती नुसती डोक्यापुरती असते किंवा मानेपर्यंत खाली येणारी. केस मानेवर खाली बांधायचे, टोपी कपाळाच्या केसांपर्यंत ओढायची, स्कार्फ एका बाजूला आखूड आणि दुसऱ्या बाजूला लांब ठेवून डोक्यावर टाकायचा, हनुवटीखाली टाचणी लावायची, मग लांब टोक डोक्यावरून फिरवून कानाच्या वर किंवा खांद्यापाशी दुसरी टाचणी. हात बसला की दोन-तीन मिनिटांचं काम.

घोळ होतो तो कापडाच्या निवडीत. शिफॉन आणि जॉर्जेट दिसायला सुरेख, पण गुळगुळीत टोपीवर घातले की तासाभरात मागे सरकतात. त्यावर उपाय जास्त टाचण्यांचा नाही, खालची टोपी बदलण्याचा आहे. सुती किंवा जर्सी कापडाची टोपी घातली की वरच्या शिफॉनला पकड मिळते. जर्सीचा स्कार्फ ताणला जातो, त्याला टाचणी जवळजवळ लागत नाही, पण उन्हाळ्यात तो अंगाला चिकटतो. मोडाल आणि व्हिस्कोस रोजच्या नोकरीला सगळ्यांत सोयीचे: मऊ, हलके, घामाला बरे. व्हिस्कोस मात्र धुतल्यावर पिळू नये, सुरकुत्या बसतात.

आता टाचणीकडे थोडं जवळून बघायला हवं. स्कार्फ बांधताना एक हात घडी धरतो, दुसरा लांब टोक फिरवतो. तिसरा हात नसल्यामुळे टाचणी ओठांत जाते. तेवढ्यात कुणी हाक मारली, हसू आलं, शिंक आली की श्वास आत ओढला जातो आणि टाचणी श्वासनलिकेत. तुर्कस्तान, इजिप्त यांसारख्या देशांतल्या डॉक्टरांनी यावर बरंच लिहून ठेवलं आहे. अशा रुग्णांत किशोरवयीन आणि तरुण मुली जास्त. टाचणीचं डोकं जड असल्यामुळे बहुधा तेच आधी खाली जातं आणि टोक वरच्या दिशेला राहतं. सुरुवातीला जोराचा खोकला येतो आणि मग थांबतो, आणि तिथेच फसगत होते. खोकला थांबला म्हणजे टाचणी पोटात गेली असं समजून मुली गप्प बसतात, घरी सांगत नाहीत. एक्स-रेत ती लख्ख दिसते आणि दुर्बिणीने काढता येते, पण जितका उशीर तितकं ते काम अवघड होत जातं. अशा वेळी थेट इस्पितळ गाठावं, त्रास होत नसला तरीही. आणि हे टाळायचं तर आरशाजवळ चुंबकाची बशी ठेवावी किंवा शिंप्यांसारखी मनगटावर टाचण्यांची गादी बांधावी. तोंडात टाचणी धरायची नाही, हा घरातल्या मुलींना स्कार्फ शिकवतानाचा पहिला धडा असायला हवा.

हल्ली टाचणीच्या जागी चुंबकांच्या जोड्या मिळतात. कापडाला भोक पडत नाही, म्हणून त्या फार खपतात. पण ही चुंबकं ताकदीची असतात. पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने ती छातीजवळ लावू नयेत. लहान मूल घरात असेल तर ती कुठेही पडू देऊ नयेत: दोन चुंबकं गिळली गेली तर आतड्याच्या दोन भागांना एकमेकांकडे खेचतात आणि मध्ये छिद्र पाडतात. एमआरआयच्या खोलीत तर टाचणीही नको आणि चुंबकही नको. एमआरआय किंवा मानेचा एक्स-रे असेल त्या दिवशी घरूनच जर्सीचा बिनटाचणीचा स्कार्फ घालून जावं. तंत्रज्ञाने 'हिजाब काढा' म्हणण्याऐवजी 'धातू काही आहे का' असं विचारलं तर दोघांचंही काम सोपं होतं, आणि बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.

डोकेदुखी हा आणखी एक विषय आहे. त्यावर बायका आपसात बोलतात, डॉक्टरांकडे मात्र क्वचित. कपाळावर आणि कानशिलांवर सतत दाब पडून होणाऱ्या डोकेदुखीची वैद्यकशास्त्राच्या वर्गीकरणात रीतसर नोंद आहे. हेल्मेटने होते तीच ही. घट्ट इलॅस्टिकच्या टोपीने चार-पाच तासांत कानशिलं ठणकायला लागतात, चष्म्याच्या काड्या टोपीच्या आत असतील तर अधिकच. मागे नाडी असलेली टोपी घ्यावी आणि काड्या टोपीच्या वरून घालाव्यात. केसांचंही तसंच. थंड देशात सकाळी केस धुऊन ओलेच बांधले आणि दिवसभर झाकले, तर टाळूला खाज आणि कोंडा ठरलेलाच. रोज त्याच जागी, तितकाच घट्ट अंबाडा घातला की कपाळाच्या कडेचे केस मागे हटू लागतात. दोष झाकण्याचा नाही, ओढण्याचा आहे. अंबाड्याची जागा बदलत राहावी, घरी आल्यावर केस मोकळे सोडावेत.

आणि ड जीवनसत्त्व. ब्रिटनसारख्या उत्तरेकडच्या देशात ऑक्टोबर ते मार्च उन्हातून ते पुरेसं मिळतच नाही, कपडे काहीही घाला. तिथल्या आरोग्यसेवेचा सल्ला सगळ्यांनाच त्या महिन्यांत रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा आहे. ज्यांचं अंग बाहेर बहुतेक झाकलेलं असतं आणि ज्यांची त्वचा सावळी किंवा काळी आहे, त्यांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा असं ती सांगते. रत्नागिरी-रायगडहून, मुंब्र्याहून किंवा मिरजेहून तिकडे गेलेल्या मुलीला हे कुणी आधी सांगत नाही. इथल्या उन्हात वाढलेल्या शरीराला दोन हिवाळ्यांनंतर पाठ आणि मांड्या दुखायला लागतात, आणि ती कामाचा शीण समजून सोसत राहते. मोहम्मद अली रोडवरून स्कार्फ आणि टोप्या भरून नेताना त्या बॅगेत एवढी माहितीही जायला हवी.

कामाच्या ठिकाणांत इस्पितळ सगळ्यांत अवघड, आणि म्हणूनच सगळ्यांत शिकण्यासारखं. दिवसभर घातलेला कापडी स्कार्फ ऑपरेशन थिएटरात न्यायचा नाही, ही अट रास्त आहे. तो जंतूंचा प्रश्न आहे, त्याचा धर्माशी काही संबंध नाही. अनेक वर्षं याचा अर्थ असा व्हायचा की हिजाब घालणारी विद्यार्थिनी थिएटरच्या दाराशी अडायची. मग इंग्लंडमधल्या रॉयल डर्बी इस्पितळात फराह रोसलान या तरुण डॉक्टरने वापरून टाकून द्यायच्या निर्जंतुक हिजाबची कल्पना पुढे रेटली. ती मूळची मलेशियाची, आणि तिथे अशी सोय असते हे तिला ठाऊक होतं. डिसेंबर २०१९ मध्ये डर्बीत ते हिजाब आले. टोपी, मास्क, हातमोजे यांच्या रांगेत आणखी एक खोका, इतकंच. हातांबाबतही असंच झालं. ब्रिटनच्या इस्पितळांत रुग्णाजवळ काम करताना कोपरापासून खाली हात उघडे हवेत असा नियम आहे, कारण मनगटापर्यंत नीट हात धुता आले पाहिजेत. हात झाकणाऱ्यांसाठी २०१० च्या सरकारी मार्गदर्शनात टाकाऊ बाह्यांची सोय सांगितली गेली: हातमोज्यांसारख्याच चढवायच्या, एका रुग्णानंतर काढून टाकायच्या. जंतूंच्या बाबतीत कुठेही सूट दिलेली नाही.

स्टेथोस्कोपची गंमत करणारे विद्यार्थी असतात, 'तुला ऐकू कसं येतं' म्हणून. टोपी सैल असेल तर कानाची टोकं तिच्या आत सरकवता येतात. पातळ जर्सीवरून लावली तर कापड कानाच्या छिद्रात घुसून आवाज मंद होतो आणि घासल्याची खरखर येते, म्हणून हृदयाचे बारीक आवाज ऐकायचे तर टोकं आतच हवीत. प्रयोगशाळेत धोका वेगळा आहे. बर्नरजवळ पॉलिएस्टरचा शिफॉन पेटतो, त्याहून वाईट म्हणजे वितळून कातडीला चिकटतो. तिथे सुती कापड, टोकं कोटाच्या आत खोचलेली. लेथ किंवा ड्रिल मशीनवर लोंबतं टोक मुळीच नको. हेच नियम मोकळ्या केसांना आणि नेकटायला आहेत, आणि शहाणी कार्यशाळा तिघांसाठी एकच वाक्य लिहिते.

खेळात ही गोष्ट सगळ्यांत स्वच्छ दिसते, म्हणून तिथे जरा थांबते.

१९९० च्या दशकाच्या शेवटी नेदरलँड्समधल्या काही शाळांत मुलींना हिजाबमुळे व्यायामाच्या तासाला बसू देत नसत. शिक्षकांचं म्हणणं, टाचणी टोचेल, ओढलं तर गळा आवळेल. सिंडी व्हान डेन ब्रेमेन ही तेव्हा आइंडहोव्हनला डिझाइन शिकत होती. १९९९ मध्ये तिने पदवीच्या प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. ती स्वतः मुस्लिम नाही. तिने मुलींना विचारलं, शिक्षकांना विचारलं, आणि गाठ-टाचणीविना बसणारा, वेल्क्रोने बंद होणारा हिजाब शिवला. त्यातली मेख वेल्क्रोत आहे. धावताना तो सुटत नाही, पण कुणी हाताने खेचला की करकर करत उघडतो. ओढलं की सुटलं पाहिजे, या एका अटीत सुरक्षिततेचा सगळा प्रश्न येतो.

फुटबॉलच्या जगाला हे मानायला बरीच वर्षं लागली. २००७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये ११ वर्षांच्या एका मुलीला हिजाबसाठी सामन्यातून बाहेर काढलं गेलं आणि प्रश्न जागतिक नियम ठरवणाऱ्या मंडळापर्यंत गेला. मंडळाने बंदीच्या बाजूने कौल दिला. २०११ मध्ये इराणच्या महिला संघाला ऑलिंपिक पात्रता सामन्याआधी अम्मानच्या मैदानावर याच कारणाने बाद ठरवण्यात आलं. खेळाडू मैदानात गुडघ्यांवर बसून रडत असल्याची छायाचित्रं तेव्हा जगभर छापून आली होती. जॉर्डनचे प्रिन्स अली बिन अल हुसेन यांनी हा विषय लावून धरला, नवे हिजाब मंडळापुढे ठेवले गेले, २०१२ मध्ये ते चाचणीसाठी स्वीकारले गेले आणि १ मार्च २०१४ ला कायमची परवानगी मिळाली. ३० जुलै २०२३ ला ॲडलेडमध्ये मोरोक्कोची बचावपटू नुहैला बेनझिना दक्षिण कोरियाविरुद्ध खेळली. महिला विश्वचषकात हिजाब घालून खेळलेली ती पहिली खेळाडू. मोरोक्कोने तो सामना १-० ने जिंकला.

बास्केटबॉलही त्याच वाटेने गेला. २०१४ च्या दक्षिण कोरियातल्या इंचॉन आशियाई खेळांत हिजाब काढायला नकार देऊन कतारच्या मुलींनी सामना सोडला होता. १ ऑक्टोबर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला. तो नियम कुणाच्या धर्माचं नाव घेत नाही: डोक्यावरचं वस्त्र चेहरा झाकणारं नसावं, इतरांना इजा करणारं नसावं, त्याला गळ्याभोवती उघडणारं-बंद होणारं काही नसावं, कुठलाही भाग बाहेर लोंबता नसावा. शीख खेळाडूलाही तोच लागू. नियम असा लिहावा. काय नको ते त्यात स्पष्ट आहे, आणि जे नको ते टाळून मुलगी खेळू शकते.

या सगळ्यानंतर फ्रान्सकडे बघितलं की फरक कळतो. तिथल्या फुटबॉल महासंघाने स्पर्धांमध्ये हिजाबवर बंदी ठेवली. खेळाडूंनी दाद मागितली, पण २९ जून २०२३ ला फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदी उचलून धरली. ज्या कपड्यात बेनझिना विश्वचषक खेळली, त्याच कपड्यात फ्रान्समधल्या लहान गावातली मुलगी रविवारचा क्लबचा सामना खेळू शकत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इतर देशांच्या खेळाडूंना हिजाबची मुभा होती, फ्रान्सच्या खेळाडूंना नव्हती. रिले धावपटू सूंकांबा सिला हिला उद्घाटन सोहळ्यात टोपी घालण्याच्या तडजोडीवर भाग घ्यावा लागला. त्याच पॅरिसमध्ये नेदरलँड्सची सिफान हसन मॅरेथॉनचं सुवर्णपदक घ्यायला हिजाब घालून आली. इथे कापड, वेल्क्रो, गळा, काहीच आड येत नव्हतं. फ्रान्सचं म्हणणं तटस्थतेचं, म्हणजे सार्वजनिक व्यवस्थेत धर्माचं चिन्ह दिसू नये असं आहे, आणि ते त्यांनी उघडपणे मांडलेलं आहे. त्यावर वाद घालता येतो. पण 'सुरक्षितता' हा शब्द त्या वादात पुन्हा आणू नये, त्याचं उत्तर देऊन झालेलं आहे.

शाळांबाबत फ्रान्सचा कायदा १५ मार्च २००४ चा. सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हं नकोत. हा वाद १९८९ पासूनचा, पॅरिसच्या उत्तरेला क्रेई या गावच्या शाळेने तीन मुलींना काढलं तेव्हापासूनचा. कायदा विद्यापीठाला लागू नाही, खासगी शाळांनाही नाही. त्यामुळे एकच मुलगी अठराव्या वर्षापर्यंत रोज सकाळी फाटकाशी स्कार्फ काढते, पिशवीत घालते, संध्याकाळी फाटकाबाहेर पुन्हा बांधते, आणि कॉलेजला गेल्यावर दिवसभर घालू शकते. फाटकापाशी आरसा नसतो, वारा असतो, मागे गर्दी असते. काही मुली रुंद पट्टा बांधून येतात आणि मग तो पट्टा दागिना की चिन्ह, हे मुख्याध्यापक ठरवतात. २०२३ मध्ये पायघोळ अबायावरही बंदी आली. शाळा उघडली त्या दिवशी २९८ मुली अबाया घालून आल्या, ६७ जणींनी काढायला नकार दिला आणि त्यांना घरी पाठवलं गेलं, असं तेव्हाचे शिक्षणमंत्री गाब्रिएल अताल यांनीच सांगितलं. सैल झगा कधी धार्मिक होतो आणि कधी फॅशन, याचं मोजमाप कुणाकडे नाही. शेवटी तो कुणाच्या अंगावर आहे ते बघितलं जातं, आणि मला यातली सगळ्यांत दुखणारी गोष्ट तीच वाटते.

क्वेबेकचा २०१९ चा कायदा मोठ्यांसाठी आहे: सरकारी शाळेतल्या शिक्षिका, पोलीस, सरकारी वकील यांनी कामावर धार्मिक चिन्ह घालायचं नाही. आधीपासून नोकरीत असलेल्यांना सवलत आहे, पण ती त्या पदापुरती. बढती घेतली किंवा दुसऱ्या शाळामंडळात बदलून गेलं की सवलत संपली. म्हणजे एखादी शिक्षिका आहे तिथेच राहिली तर शिकवू शकते, पुढे जाऊ शकत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये चेल्सी गावातल्या शाळेत तिसरीच्या वर्गशिक्षिकेला हिजाबमुळे वर्गावरून हलवलं, तेव्हा पालकांनी आणि मुलांनी शाळेच्या कुंपणाला हिरव्या फिती बांधल्या होत्या.

नोकरीच्या दारातली अडचण कायद्यात दिसत नाही, ती अर्जांच्या ढिगात असते. जर्मनीत अर्जासोबत फोटो लावण्याची पद्धत आहे. डोरिस वाइखसेलबाउमर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच मुलीच्या फोटोसह, सारख्याच शिक्षणाचे बनावट अर्ज पाठवले. जर्मन नावाच्या अर्जांना १८.८ टक्के वेळा मुलाखतीचं बोलावणं आलं. तुर्की नावाच्या, उघड्या डोक्याच्या अर्जांना १३.५ टक्के. तेच तुर्की नाव आणि डोक्यावर स्कार्फ: ४.२ टक्के. एका बोलावण्यासाठी स्कार्फवालीने साडेचारपट अर्ज करायचे, असा याचा सरळ हिशेब. ज्या मुली घरी बसतात त्यांना 'नवऱ्याने अडवलं असेल' म्हणणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहावेत.

अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा पाठीशी आहे, तरी झगडावं लागलंच. २००८ मध्ये ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात समँथा एलाउफ ही मुलगी ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या दुकानात मुलाखतीला गेली, काळा स्कार्फ घालून. गुण चांगले मिळाले, मग कंपनीच्या पेहरावाच्या धोरणात टोपी बसत नाही म्हणून ते कमी केले गेले. कंपनीचा बचाव असा की तिने धर्माचं कारण सांगून सूट मागितलीच नव्हती. १ जून २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा निकाल तिच्या बाजूने दिला: सूट द्यावी लागू नये म्हणून उमेदवार नाकारला असेल, तर तिने ती मागितली होती की नाही हा मुद्दा उरत नाही. नोकरी शोधणाऱ्या मुलींना यातून एक कामाची गोष्ट मिळते. मुलाखतीत धर्म समजावून सांगत बसायची गरज नाही. निवड झाल्यावर लेखी, दोन ओळींत कळवावं: डोकं झाकते, कामाच्या पेहरावाच्या रंगाचा स्कार्फ वापरेन. ईमेल जपून ठेवावा. युरोपात मात्र कायदा मालकाकडे झुकलेला आहे. युरोपीय न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने सगळ्याच चिन्हांवर सारखी बंदी घालणारं तटस्थतेचं धोरण चालू शकतं असं ठरवलं. २०२१ च्या निकालाने एवढी भर घातली की अशा धोरणाची खरी गरज मालकाने दाखवून दिली पाहिजे. नकार मिळालाच, तर ते धोरण लेखी आहे का आणि ते क्रॉस घालणाऱ्यालाही लावलं जातं का, हे दोन प्रश्न विचारावेत.

पासपोर्टच्या फोटोसाठी हिजाब काढावा लागत नाही, हे अजूनही अनेकींना माहीत नसतं. हनुवटीच्या खालपासून कपाळाच्या वरपर्यंत चेहरा दिसला पाहिजे, दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत, चेहऱ्यावर सावली नको. फोटो नाकारला जातो तो बहुधा सावलीमुळे: टोपी कपाळावर पुढे आलेली असते, किंवा गालाजवळ कापड फुगलेलं असतं. अमेरिकेसाठी पार्श्वभूमी पांढरी लागते, म्हणून पांढरा स्कार्फ घालू नये, डोक्याची कडाच हरवते. गडद, एकरंगी, न चमकणारा घ्यावा. धर्मासाठी रोज घालते अशी सही केलेली चिठ्ठीही अमेरिकेच्या अर्जाला जोडावी लागते. विमानतळावर यंत्राने डोक्यापाशी खूण दाखवली तर अमेरिकेत तपासणी स्त्री-अधिकाऱ्याकडून आणि वेगळ्या खोलीत मागता येते. स्वतःच स्कार्फवरून हात फिरवून मग हातांची स्फोटकांसाठी चाचणी करून घेण्याचा पर्यायही दिला जातो. प्रवासात धातूची टाचणी नको.

पोलिसांचा फोटो हा जास्त कडवट भाग. न्यूयॉर्कमध्ये अटकेनंतर हिजाब जबरदस्तीने उतरवून फोटो काढल्याचे दावे दाखल झाले. २०१८ मध्ये तीन जणींना मिळून १ लाख ८० हजार डॉलर द्यावे लागले, २०२० मध्ये शहराने पद्धत बदलली, आणि २०२४ मध्ये सामूहिक दाव्यात १ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड झाली. पासपोर्टला जो चेहरा पुरतो, तो पोलीस ठाण्यातही पुरतो, हे ठरायला एवढा खर्च आला.

रस्त्यावर काय होतं ते लिहिताना हात जड होतो. २००८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका खेळाच्या मैदानात मुलाला झोका मिळावा म्हणून बोलणाऱ्या मारवा अल-शरबिनीला एका माणसाने दहशतवादी म्हणून शिव्या दिल्या. ती तक्रार घेऊन कोर्टात गेली. १ जुलै २००९ ला, साक्ष देऊन झाल्यावर, त्याच माणसाने भर न्यायालयात तिला भोसकून मारलं. ती गरोदर होती, तीन वर्षांचा मुलगा तिथेच होता. वाचवायला धावलेला नवराही जखमी झाला, आणि गोंधळात पोलिसांची गोळी त्यालाच लागली.

रोजचे प्रकार याहून लहान असतात: बसमध्ये थुंकणं, मागून येऊन स्कार्फ खेचणं. इथे पुन्हा तोच नियम उपयोगी पडतो, ओढलं की सुटलं पाहिजे. हनुवटीखाली घट्ट सेफ्टी पिन असेल तर खेचल्यावर गळ्याला फास बसतो आणि पिन उघडून टोचते. पिशवीत एक जादा स्कार्फ ठेवावा. स्कार्फ खेचणं हा हल्ला आहे, ब्रिटनमध्ये धर्मद्वेषातून केला असेल तर शिक्षा वाढते. बसचा क्रमांक आणि वेळ लगेच लिहून ठेवावी, फाटलेला स्कार्फ न धुता कागदी पिशवीत ठेवावा, आणि तक्रार लवकर करावी, कारण कॅमेऱ्यातलं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जातं. 'टेल मामा' ही तिथली संस्था अशा घटना नोंदवते आणि मदत करते. लंडन, न्यू जर्सी, टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसांनीही एक करावं. असं काही दिसलं तर त्या गुंडाशी भांडू नये, त्याच्याकडे बघूही नये. बाईशेजारी जाऊन बसावं, हवेपाण्याच्या गप्पा सुरू कराव्यात, तिला उतरायचं तिथपर्यंत सोबत द्यावी. बहुतेक वेळा त्याचा जोर त्यानेच ओसरतो.

सक्तीने घालायला लावलेल्या हिजाबविषयी बोलल्याशिवाय हे लिहिणं प्रामाणिक ठरणार नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तेहरानमध्ये हिजाब नीट नसल्याच्या आरोपावरून पकडलेली महसा अमिनी कोठडीत असताना कोसळली आणि इस्पितळात वारली. पश्चिमेतही काही घरांत मुलीवर दबाव असतो, आणि जी हिजाब सोडते तिला आपल्याच माणसांचे टोमणे खावे लागतात. त्या मुलीला मदत हवी, खासगीत, तिच्या शिक्षिकेकडून, तिच्या डॉक्टरकडून. पण शाळेतून किंवा नोकरीतून बाहेर काढलं की ती शिक्षिका आणि तो पगार दोन्ही जातात, आणि दबाव टाकणारं घर तेवढं उरतं.

न्यूझीलंडच्या पोलिसांनी काय केलं ते नोंदवण्याजोगं आहे. २०१८ च्या अखेरीला त्यांच्याच काही कर्मचाऱ्यांनी मागणी केल्यावर गणवेशातल्या हिजाबचं काम सुरू झालं. झीना अली ही तरुणी भरती होत होती, तिला या कामात घेतलं. ख्राइस्टचर्चच्या मशिदींवर मार्च २०१९ मध्ये झालेल्या हल्ल्यानंतर पोलिसांत यायचं तिने ठरवलं होतं. इतर देशांच्या पोलिसांचे हिजाब बघून झाले, कापडं पारखली गेली, कुठे काचतं आणि काय सुटतं ते तिला विचारून नमुना बदलला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये ती तो हिजाब घालून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली आणि कामावर रुजू झाली.